उणं बोलायचं नाही

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. तुम्हाला ताप आला की आई काखेत धरते तो मी नव्हे. तो आमच्या घराण्यातला नाजूक, शिकलेला. मी कष्टकरी शाखेतला. पितळेची पाठ, थाळीएवढा गोल चेहरा, वर जाड काच. एका मोठ्या किराणा दुकानाच्या मागच्या बाजूला मासे, मटार, कोंबडी आणि आइस्क्रीम गोठवून ठेवायची खोली आहे, तिच्या आतल्या भिंतीवर एका खिळ्याला मी टांगलेला असतो. उन्हाळा मी फक्त ऐकून आहे.

मला दोन काटे आहेत. काळा कामसू आहे. खोलीत जेवढी थंडी किंवा उष्णता असेल तेवढी तो मुकाट्याने दाखवतो. लाल काटा मात्र आळशी. खोली तापली की काळा त्याला ढकलत ढकलत उजवीकडे नेतो. खोली पुन्हा गार झाली की काळा आपल्या जागी परत येतो, पण लाल जिथे ढकलला गेला तिथेच बसून राहतो. कोणीतरी माझ्या पोटावरची कळ फिरवून त्याला मागे आणल्याशिवाय हलत नाही. पुष्कळ जणांना वाटतं तो बिघडलाय. बिघडलेला नाही. खोली जास्तीत जास्त किती तापली होती, एवढंच लक्षात ठेवायचं काम त्याला दिलं आहे, आणि ते बसूनच करायचं काम आहे. अशा नोकऱ्या असतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे मला बर्फाच्या पाण्यात बुडवलं आणि म्हणाले, दाखव शून्य. मी दाखवलं. तुम्हाला शाळेत शून्य मिळालं की घरी काय होतं ते मला माहीत नाही, पण माझं शून्य पाहून तिथल्या कारागिराने माझी पाठ थोपटली होती. हे शून्य माझ्या चेहऱ्यावर वर मधोमध आहे. त्याच्या उजवीकडे उष्णतेचे आकडे आणि डावीकडे थंडीचे. डावीकडच्या प्रत्येक आकड्याआधी एक बारीक आडवी रेघ आहे. तिला उणे म्हणतात. या रेघेनेच पुढे सगळं रामायण घडवलं.

दुकान आबांनी काढलं होतं. आबा मोठं कुटुंब सोडून वेगळे झाले होते, कारण त्या घरात सकाळ-संध्याकाळ एकमेकांची उणीदुणी काढणे हा घरगुती उद्योग चालत असे आणि त्यात कधी मंदी येत नसे. म्हणून दुकान काढलं त्या दिवशी त्यांनी नियम केला, "माझ्या दुकानात उणं बोलायचं नाही." माल संपला म्हणायचं नाही, 'वाढला' म्हणायचं. बरणी फुटली म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. संध्याकाळी दुकान बंद करायचं नाही, 'वाढवायचं'. एकदा एक गिऱ्हाईक साखर मागायला आलं. नोकर अदबीने म्हणाला, "साखर वाढली." गिऱ्हाईक म्हणालं, "पुन्हा? मागच्याच महिन्यात वाढली होती की!" आणि सरकारला शिव्या देत निघून गेलं.

अशा दुकानात मी आलो. आबांनी मला खोक्यातून काढलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"हा तर अर्धाअधिक उणाच आहे!" ते म्हणाले.

मी परत जाणार हे जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात आबांची मुलगी पुढे आली. ती तेव्हा कॉलेजात होती आणि नखं रंगवत होती. आबांनी तिच्या हातातली लाल नेलपॉलिशची बाटली घेतली, आणि माझ्या काचेवर, डावीकडच्या प्रत्येक रेघेवर, एकेक ठिपका ठेवला. रेघा झाकल्या गेल्या. चेहऱ्यावर देवी आल्यासारखा दिसायला लागलो, पण शुभ झालो. "आता टांगा," आबा म्हणाले.

तेव्हापासून या दुकानात माझी थंडी नुसतीच 'अठरा' झाली. उणे अठरा कोणी म्हणालं नाही. आणि खरं सांगायचं तर काही अडलंही नाही. मासे गोठवायच्या खोलीत अठरा म्हणजे कुठले अठरा हे सांगावं लागत नाही. उजवीकडचे अठरा असते तर वासानेच कळलं असतं.

आबा गेले. नेलपॉलिशवाली मुलगी दुकानाची मालकीण झाली, आणि भावाच्या मुलाला हाताशी धरून दुकान चालवायला लागली. तो तिला आत्या म्हणतो, म्हणून सगळे नोकर तिला आत्याबाई म्हणायला लागले. आत्याबाईंचा रोजचा परिपाठ ठरलेला. सकाळी स्वेटर चढवून आत यायचं, चष्म्याच्या फडक्याने माझी काच पुसायची (ठिपक्यांना धक्का न लावता), काळा काटा वाचायचा, लाल काटा कळ फिरवून मागे आणायचा आणि म्हणायचं, "अठरा. शाबास, काटेसाहेब." मित्रांनो, आयुष्यात रोज सकाळी कोणीतरी शाबास म्हणणारं असलं की थंडी बाधत नाही.

खोलीतली उचल-ठेव पैलवान करायचा. पैलवान म्हणजे उदबत्तीची काडी. आत येताना तीन स्वेटर घालायचा, त्यामुळे भरदार दिसायचा, म्हणून ते नाव. बाहेर जाऊन स्वेटर काढले की लोक त्याला ओळखायचे नाहीत.

असे सुखाचे दिवस चालले होते, आणि पुतण्याला सुधारणा सुचली.

पुतण्या हुशार, त्याबद्दल वाद नाही. घरातला दिवा तो फोनवरून लावतो, दिव्याखालीच बसलेला असतानासुद्धा. त्याने एक नवीन यंत्र आणवलं. साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी खोलीत चिकटवायची, तिची वायर बाहेर न्यायची, आणि बाहेर गल्ल्याजवळ पडद्यावर खोलीचं तापमान हिरव्या आकड्यात दिसायचं. तोच आकडा दूर कुठेतरी कंपनीच्या कचेरीतही दिसायचा, म्हणजे काही बिघडलं तर तिकडून फोन येणार. यंत्र खरोखर चांगलं होतं. मी मत्सराने बोलत नाही. मत्सर करायला अंगात ऊब लागते.

यंत्र बसवायला कारागीर आला. "वायर कुठून काढू? भिंतीला भोक पाडू?"

"नवीन रंग दिलाय भिंतीला," पुतण्या म्हणाला. "दारातूनच घ्या ना."

वायर दाराच्या रबरावरून बाहेर गेली. शेवयीएवढी बारीक वायर. दार लागलं, पण रबर तेवढ्या जागी शेवयीएवढं उचललेलं राहिलं. हे लक्षात ठेवा.

बाहेर पडदा उजळला. दार उघडं होतं म्हणून मला सगळं ऐकू येत होतं.

"हे आकड्याच्या पुढे काय आलंय?" आत्याबाईंनी विचारलं.

"मायनस, मॅडम."

"ते काढा."

"मॅडम, ते मायनस आहे."

"म्हणूनच म्हणते, काढा."

कारागीर पुतण्याकडे बघायला लागला. पुतण्या म्हणाला, "काढा हो. आमच्याकडे उणं चालत नाही, आजोबांपासून." कारागिराने बारा घरचे नमुने बघितलेले असणार. त्याने यंत्राच्या पोटात कुठेतरी खाडखुड केली आणि रेघ गेली. राहिला नुसता हिरवा अठरा.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कचेरीतून एका मुलीचा फोन आला. आवाज घाबराघुबरा.

"अहो, तुमची खोली अठरावर आलीय!"

"हो, अठरावरच असते," आत्याबाई म्हणाल्या.

"नेहमी?"

"माझ्या वडिलांपासून."

"आणि माल? माल ठीक आहे?"

"माल दगड आहे दगड. तू जेवलीस का?"

"अं... हो. मग धोक्याची घंटा कितीला लावू?"

"अठराच्या वर गेलं की लाव."

"बरं," मुलगी म्हणाली, आणि तिने लावली. तिचं काही चुकलं नाही. आत्याबाईंचंही स्वतःच्या हिशोबाने काही चुकलं नाही. दोघी आपापल्या अठराबद्दल बोलत होत्या.

आता माझ्याकडे बघायचं कारणच उरलं नाही. आत्याबाईंनी लाल काटा शेवटचा मागे आणला, माझी काच पुसली आणि म्हणाल्या, "आता आराम करा, काटेसाहेब." पैलवानाने माझ्यासमोर खोकी रचली. खाली स्ट्रॉबेरी आइस्क्रीम, वर मटार. कुणी म्हणेल, काय भाग्य! नाकासमोर आइस्क्रीम! मित्रांनो, ज्याला जीभ नाही त्याच्यासमोर आइस्क्रीम ठेवणं याला भाग्य म्हणत नाहीत. खोक्यावर लिहिलेलं वाक्य माझं तोंडपाठ झालं : 'गोठवून ठेवा. वर वजन ठेवू नका.' वर मटारची चार खोकी होती.

आणि इकडे त्या शेवयीएवढ्या फटीतून बाहेरची दमट हवा हळूहळू आत यायला लागली. आत आली की तिचं दव, दवाचं बर्फ, आणि ते बर्फ जाऊन बसलं गारवा फेकणाऱ्या पंख्यामागच्या नळ्यांवर. नळ्यांनी बर्फाची गोधडी पांघरली. पंखा फिरायचा, वारा मात्र यायचा नाही. खोली तापायला लागली. अठराची सोळा झाली, सोळाची चौदा.

आता गंमत बघा. उणे अठराची थंडी कमी होत होत शून्याकडे निघाली की, उणे काढून टाकल्यावर, आकडा कसा दिसतो? अठरा, सोळा, चौदा... उतरता! बाहेर पुतण्याने टाळी वाजवली.

"आत्या, बघ! चौदा! खोली आणखी गार झाली. म्हटलं नव्हतं मी?"

"खरंच की," आत्याबाई म्हणाल्या. "आबा असते तर..."

पैलवान आत आला आणि त्याने एक स्वेटर काढला. "सवय झाली बुवा थंडीची," स्वतःशीच म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुसराही काढला आणि दंड फुगवून पाहिला. एवढ्या वर्षांनी आपल्या अंगात रग भरते आहे असा त्याचा समज झाला होता.

कंपनीच्या कचेरीत घंटा वाजली नाही, कारण आकडा अठराच्या वर जात नव्हता. ती मुलगी उलट खुशीत असणार. तिच्या लेखी एक तापलेली खोली शेवटी सुधारली होती.

मी खोक्यांमागे होतो. काळा काटा लालला ढकलत होता, उणे बारा, उणे दहा, उणे आठ. मला काटे आहेत, तोंड नाही. असतं तर मी ओरडलो असतो. नुसता ओरडलो नसतो, आबांनी जन्मभर टाळलेला तो शब्द मी भिंत हादरेपर्यंत ओरडलो असतो.

त्या सकाळी समोरच्या रुग्णालयातून गाडी आली. तिथल्या मुलांच्या वॉर्डाच्या स्वयंपाकघराला कोंबडी आणि मटार आमच्याकडूनच जातात. त्या वॉर्डात त्या आठवड्यात चिमणी होती. चिमणी म्हणजे पुतण्याची मुलगी, वय पहिलीतलं, गळ्यातल्या गाठी काढलेल्या, त्यामुळे बोलायला बंदी आणि गिळायला फक्त सूप. आत्याबाईंनी कोंबडी स्वतः निवडून दिली. "आमच्या चिमणीच्या सुपाची आहे, नीट न्या," असं गाडीवाल्याला दोनदा बजावलं.

गाडी गेली. पडद्यावर आकडा पाच झाला. पुतण्या म्हणाला, "विक्रम!"

आणि दुपारी आइस्क्रीम खचलं.

उणे पाचाला मासे घट्ट राहतात, मटार घट्ट राहतात. आइस्क्रीम मात्र कच्च्या मनाचं. खालचं खोकं मऊ झालं, वरच्या मटारांनी दाबलं, बाजू फुगली, आणि सगळी चळत एका अंगाने पैलवानाच्या पायाशी येऊन आडवी झाली. पैलवान ओरडला. आत्याबाई आणि पुतण्या धावत आत आले. जमिनीवर गुलाबी ओघळ, त्यात मटाराची खोकी, आणि भिंतीवर मी. किती दिवसांनी मला माणसांचे चेहरे दिसले!

"आइस्क्रीम वितळतंय," पैलवान म्हणाला. "एवढ्या विक्रमी थंडीत?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. काळा काटा शून्याच्या उंबऱ्यावर, अलीकडे पाचावर. बाहेर जाऊन पडदा पाहून आल्या, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग त्या मटकन मटारच्या खोक्यावर बसल्या.

"अरे, आकडा उतरत नव्हता," त्या पुतण्याला म्हणाल्या. "खोली चढत होती."

पुतण्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो आधी मालाकडे धावला. मासे दाबले, कोंबडी दाबली. "दगड आहे गं आत्या! घट्ट आहे!"

"आत्ता घट्ट आहे. मध्ये कधी सुटलं असलं तर? काल? परवा? सुटून पुन्हा गोठलं असलं तर?"

मित्रांनो, एकदा सुटलेलं आणि पुन्हा गोठवलेलं मांस बाहेरून शहाणं दिसतं आणि आतून बिघडलेलं असतं. ही जात माणसांतही आहे, पण ती कोणी सुपात घालत नाही.

"यंत्राला विचारा ना, काल किती होतं," पैलवान म्हणाला.

पुतण्याने फोनवर बोट दाबलं. कालचं विचारलं की यंत्र एक गोल चाक फिरवून दाखवत असे. आजही तेच चाक फिरत राहिलं. आणि समजा आकडा मिळाला असता, पाच किंवा सहा, तरी तो शून्याच्या अलीकडचा का पलीकडचा हे सांगणारी रेघ तर घरच्यांनीच काढून टाकलेली!

पुतण्याने रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात फोन लावला आणि आवाज मोठा केला. तिथल्या आचारीबाई कामात होत्या. मागे भांड्यांचा खणखणाट.

"बोला लवकर, ताटं मांडलीत."

"बाई, थांबा! सकाळची कोंबडी..."

"सूप झालंय. काय झालं कोंबडीला?"

"खोली तापली होती इकडे. किती ते बघतोय."

खणखणाट थांबला. "हे आत्ता सांगताय? वीस पोरं वाट बघतायत. तुमचीच पोरगी वाटी वाजवतेय, बोलता येत नाही म्हणून. मला एकच सांगा, वाढू का नको?"

आत्याबाईंच्या कानात तो शब्द कसा गेला असेल कोण जाणे. जन्मभर त्यांनी संपलं, फुटलं, मिटलं म्हणायच्या जागी 'वाढलं' म्हटलं होतं. त्या उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. चष्म्याचं फडकं काढलं. काचेवर चढलेलं दव पुसलं.

"लाल काटा," त्या पुटपुटल्या. "डबी बसवली तेव्हा मीच मागे आणला होता. त्यानंतर कोणी हात लावलाय?"

"आम्ही तर काटेसाहेबांना बघितलंसुद्धा नाही," पैलवान म्हणाला. दुर्लक्षाचा असा उपयोग होईल हे मलाही वाटलं नव्हतं.

लाल काटा, माझा आळशी, बसल्या जागी बसला होता. काळ्याला अगदी खेटून. म्हणजे खोली याहून जास्त कधीच तापली नव्हती.

"पाच!" आत्याबाई फोनकडे बघून ओरडल्या. "जास्तीत जास्त पाच!"

"पाच?" आचारीबाईंचा आवाज चढला. "अहो, पाचाला कोंबडी पाणी सोडते! ओतून टाकू का सगळं?"

"नको नको! ते पाच नाहीत. डावीकडचे पाच!"

"डावीकडचे म्हणजे?"

"म्हणजे खालचे. अलीकडचे. आमचे नेहमीचे!"

"बाई, मला कोडी घालू नका. अधिक का उणे?"

आत्याबाईंनी तोंड उघडलं, पण शब्द बाहेर येईना. तो शब्द त्यांच्या जिभेने कधी दुकानात उच्चारलाच नव्हता. पुतण्या म्हणाला, "आत्या, बोल ना!" त्यांनी अंगठ्याचं नख उचललं आणि माझ्या काचेवर, पाचाच्या आधीच्या लाल ठिपक्यावर टेकवलं. खरवडलं. एकदा, दोनदा. आबांच्या हातचा तो ठिपका, आत्याबाईंच्याच बाटलीतला, टवका होऊन उडाला. खाली बारीक, काळी, सरळ रेघ. कारखान्यात होती तशीच.

"उणे!" आत्याबाई म्हणाल्या. मग त्यांचा बांधच फुटला. "उणे पाच! उणे पाच हो बाई! शून्याला शिवलीच नाही खोली! उणे, उणे, उणे!"

तिकडून आचारीबाईंनी सोडलेला श्वास इकडे माझ्या काचेवर यावा एवढा मोठ्याने ऐकू आला.

"कोंबडी आली तेव्हा दगडच होती," त्या म्हणाल्या. "मी सुरीने ठोकून बघितली होती. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. मग वाढू?"

"वाढा," आत्याबाई म्हणाल्या. "पोटभर वाढा."

थोड्या वेळाने फोनवर एक वाटी चमच्याने वाजल्याचा आवाज आला. चिमणीला बोलायला बंदी होती. तिने वाटी वाजवून पोच दिली. पुतण्या फ्रीझरच्या खोलीत उभा राहून रडला. म्हणाला, थंडीमुळे डोळ्यांना पाणी आलं. उणे पाचाला तेवढी थंडी नसते, पण मी काटा हलवला नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. माल भाड्याने आणलेल्या गोठवणाऱ्या गाडीत हलवला, नळ्यांवरचं बर्फ काढलं, कारागिराने भिंतीला भोक पाडून वायर तिथून नेली, रबर पुन्हा नीट बसलं. नव्या रंगावर भोक दिसतं, दिसू दे. पडद्यावर रेघ परत आली. कंपनीच्या मुलीला आत्याबाईंनी स्वतः फोन केला.

"बाळा, ते आमचं अठरा उणे होतं."

मुलगी म्हणाली, "मग मी रोज जे बघत होते..."

"त्याला आम्ही शुभ बोलणं म्हणायचो. तू आता घंटा नीट लाव. आणि जेवलीस का?"

मऊ झालेलं आइस्क्रीम विकायचं नाही असं ठरलं. नोकरांनी ते मागच्या दारात उभं राहून तिथेच संपवलं. 'संपवलं' हा शब्द त्या दिवशी दुकानात पहिल्यांदा उघडपणे वापरला गेला, आणि छत कोसळलं नाही. पैलवानाने तीन वाट्या खाल्ल्या. खोली पुन्हा गार झाली तसा त्याला पहिला स्वेटर घालावा लागला, मग दुसरा, मग तिसरा. रग गेली म्हणून थोडा हिरमुसला.

आता आत्याबाई पुन्हा रोज सकाळी येतात. बाहेर पडदा बघतात, मग आत येऊन मला बघतात, आणि दोघांचं जुळलं की मान डोलावतात. काचेवरचे ठिपके त्यांनी सगळे खरवडले. एक तेवढा, अगदी तळाच्या आकड्यावरचा, ठेवला आहे. तिथवर थंडी कधी जात नाही. तो आबांचा.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझे भाऊबंद असतील, फ्रीजच्या दारात, दवाखान्याच्या कपाटात. त्यांच्यासमोर काही रचू नका, निदान आइस्क्रीम तरी नको. काच अधूनमधून पुसा. नवीन यंत्र जरूर आणा, ते रात्रभर जागं राहतं, मला तर वाचायला माणूस लागतो. पण त्याला आकडा सांगाल तेव्हा पूर्ण सांगा, पुढच्या रेघेसकट. रेघ अशुभ नसते. ती झाकली की काय होतं ते मी खोक्यामागून पाहिलं आहे.

दार वाजलं. आत्याबाई आल्या. फडकं फिरलं, कळ फिरली, आळशी काटा कुरकुरत मागे गेला.

"उणे अठरा," त्या म्हणाल्या. "शाबास, काटेसाहेब."